जिथं पीठ फुगेल

दोन शहरं नापास झाली होती आणि तिसऱ्याच्या वेशीत दोघं उतरली होती. हातात दोन पिशव्या. तिच्याकडच्या पिशवीत कपडे आणि औषधं, त्याच्याकडच्या पिशवीत पीठ.

त्याला सगळे भट्टीवालाच म्हणत. आजोबांची भट्टी बापाकडे आली, बापाची त्याच्याकडे, आणि ती लग्न होऊन आली तेव्हा तिलाही भट्टीवालीण हे नाव आयतंच चिकटलं. भट्टी खाली, घर वर. पहाटे पावाचा वास जिना चढून यायचा आणि तिला हलवून उठवायचा. नवऱ्यानं उठवलं तर एखादी कूस बदलेल, पण त्या वासापुढं झोपेची काय टाप! उठायचं, पदर खोचायचा, पीठ चाळायला बसायचं. शेजारी सासूबाई दुसरी चाळणी घेऊन बसलेल्या असायच्या. हात आणि तोंड दोन्ही एका लयीत चालायचं त्यांचं:

चाळिते मी पीठ बाई, पीठ पडे भुरुभुरू
माझ्या घरच्या सुखाला, नका कुणी दीठ करू

दीठ कुणाची लागली कोण जाणे. काही वर्षांनी तिची छाती वाजायला लागली. आधी फक्त थंडीत, मग बारमाही. श्वास आत जायचा सुखानं, पण बाहेर निघताना उंबऱ्यात बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा घुटमळायचा. औषधाचा पंप उशाशी आला, मग कमरेला आला. हसणं महाग झालं. नवरा मोठा विनोदी, आणि ती हात जोडून म्हणायची, "अहो, आज नको. आज मला हसायला परवडायचं नाही."

गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि खिडकीबाहेर बघत सांगितलं, "हा आता जन्माचा सोबती. मुळासकट जायचा नाही, सांभाळून राहायचं. तुमच्या गावची हवा ओली, त्यात नदीकाठच्या कारखान्यांचा धूर. जमलं तर हवा बदला."

"जमलं तर म्हणजे काय?" भट्टीवाला जिना उतरता उतरता म्हणाला. "जमवायचंच. तुला श्वास येईल तिथं भट्टी लावू. पाव कुठल्या गावात खात नाहीत?"

पिठाचं नाव कुणाच्या ओठांवरही आलं नाही. येणार कसं? त्या घरात खोकला म्हणजे दाराची कडी वाजल्यासारखा. कोण आलं, कोण गेलं, एवढंच त्यावरून कळायचं. सासरे खोकत खोकतच गेले, त्यांच्या आधी आजेसासरेही. लोक म्हणत, भट्टीचा धूर बाधला. आणि पीठ? पीठ म्हणजे लक्ष्मी. सांडलं तर पायाखाली येऊ द्यायचं नाही, बोटानं टिपून घ्यायचं. घरच्या लक्ष्मीवर चोरीचा आळ कोण घेईल?

निघताना सासूबाईंनी दारात टोमणा मारलाच. "शहर बघायला चाललाय का नवरी? नाकडोळे बघा, पण स्वभावही विचारून घ्या म्हणावं. हवा काय, लांबून सगळ्यांचीच गोरी दिसते."

"तुम्हालाही न्यायचंय तिथं, आई," तो म्हणाला.

"मला? मी कशाला येतेय सुनेच्या सवतीच्या घरी!" म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

शहर पारखायची या घराण्याची एक रीत होती. सासऱ्यांनी मुलाला घालून दिलेली: जिथं पीठ फुगेल तिथंच बिऱ्हाड कर. पाणी कसं, हवा कशी, ते माणसाला उशिरा कळतं, पिठाला लगेच कळतं. म्हणून भट्टीवाला जाईल तिथं घरचं पीठ आणि ते फुगवायला बरणीत जुन्या आंबवणाचा गोळा घेऊन जायचा. दोघं एखादी खोली घेऊन राहायची. तिला जरा बरं वाटलं, रंग आला, की तो त्या शहरातल्या एखाद्या भट्टीवाल्याला गाठून म्हणायचा, "दादा, एक घाणा पाव काढू द्या." धंद्याधंद्यातला भाऊबंद, कोण नाही म्हणणार? मग तो कसोटीचा पाव काढायचा आणि गरम गरम तिच्यापुढं धरायचा.

पहिलं शहर डोंगरावरचं. तिथं ती लहान मुलीसारखी उतारावर धावली होती. पीठही टम्म फुगलं. आणि त्याच संध्याकाळी तिची छाती आवळली. उंचावरची हवा पातळ, असं दोघांनी ठरवलं आणि सामान बांधलं. दुसरं शहर रुंद रस्त्यांचं, झाडांचं. तिथंही तेच. चार दिवस सुखाचे, मग कसोटीचा पाव, आणि मग बसून काढलेली रात्र. त्या वेळी दोष झाडांच्या फुलोऱ्याला गेला. बिचारी झाडं काय बोलणार?

तिसरं शहर मात्र पहिल्या नजरेतच नावडतं. खोली मिळाली ती टायरच्या दुकानावर, समोर एसटी गाड्यांचं आगार. भिंतींना हात लावला तर बोट काळं व्हायचं. इथं यायचं कारण एकच, छातीच्या रोगांचा मोठा दवाखाना इथं होता.

"या नवरीला बघून तर देवही पळून गेला असेल," ती खिडकीतून बघत म्हणाली.

"असू दे. रूप काय चाटायचंय?" तो म्हणाला आणि त्यानं पिशवी उघडली. प्रवासात आंबवणाची बरणी फुटली होती. घरचं आंबवण, आजोबांच्या हातचं, रोज थोडं काढून रोज थोडं वाढवत आणलेलं, कपड्यात जिरून गेलं होतं. आजोबांच्याच अस्थी सांडल्यासारखा तो त्या काचांकडे बघत बसला. पीठही काचांनी भरलेलं. पिशवीच्या पिशवी टाकून द्यावी लागली. नवं आंबवण धरायचं तर बरेच दिवस लागणार. घरमालकीण म्हणाली, "माझ्या बहिणीच्या घरामागं पडवी आहे, तिथं ठेवा तुमचं ते आंबट. माझ्या खोलीत वास नको." म्हणून तेही घराबाहेरच राहिलं.

आणि त्या काळ्या भिंतींच्या, धुरकट, देवानं टाकलेल्या शहरात ती बरी व्हायला लागली.

आधी तिला खरं वाटेना. सकाळी उठली आणि छातीनं काही तक्रारच केली नाही. जिना चढली, मध्ये थांबली नाही. वर पोचल्यावर सवयीनं कठड्याला धरून उभी राहिली, तर धरायचं कारणच नव्हतं. मग तिनं नवऱ्याला सांगितलं, "तो तुमचा सरकारी बैलाचा किस्सा सांगा बरं."

"तो लांबडा आहे. शेवटी हसू आवरायचं नाही तुला."

"म्हणून तर."

त्यानं सांगितला. ती हसली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि पंपाला हात लावला नाही. तो हसायचा थांबून तिच्याकडे बघत राहिला. मग तोंड फिरवून त्यानं नाक पुसलं. "टायरचा वास झोंबतो मेला," म्हणाला.

त्या दिवसापासून शहर एकाएकी देखणं झालं. आगारातल्या गाड्यांचे आवाज गोड झाले. भट्टीवाल्यानं गल्लीबोळ धुंडाळून एक बंद पडलेली जागा हेरली, भट्टीसह. खाली भट्टी, वर दोन खोल्या, अगदी घरच्यासारखी. "आईची खाट इथं. चाळण्या इथं. तुला खिडकी ही," म्हणत तो रिकाम्या खोल्यांतून हात फिरवत नाचला. उरली फक्त कसोटी. आंबवण धरलं होतं, बाजारातून पीठ आणलं, भट्टी पेटवली.

संध्याकाळी तो जिन्यानं धावत आला. केसांत पीठ, भुवयांत पीठ, हातात फडक्यात गुंडाळलेला पाव. "फुगलं गं! असं फुगलं की झाकण उचललं त्यानं!" आणि हातातला पाव खाली ठेवायचंही न सुचून त्यानं तिला तशीच कवेत घेतली. तिनंही त्याच्या मानेत तोंड खुपसलं. तो वास! लग्नाच्या पहिल्या पहाटेपासूनचा, त्याचा म्हणून एकच वास. तिनं तो पोटभर आत ओढला.

दिवे लागले तोवर छाती वाजायला लागली.

"आज वारं कारखान्याकडनं होतं," तो घाबऱ्या घाबऱ्या खिडक्या लावत म्हणाला. "आजच्यापुरतंच असेल. टायरवाल्यानं काही जाळलं का? जाळलं असणार!" ती उशांच्या राशीला टेकून बसली होती. बोलता येत नव्हतं, पण बघता येत होतं. तो खिडकीशी वाकला होता आणि दिव्याच्या उजेडात त्याच्या पापण्यांवर बारीक पांढरी धूळ दिसत होती. तो पापणी हलवी तशी थोडी उडे.

डोंगरावरचं शहर तिला आठवलं. झाडांचं आठवलं. दोन्हीकडे तो असाच धावत आला होता, असाच पांढरा, असाच आनंदी.

चोर बाहेरचा नव्हताच. चोर दारानं येत होता, हाक मारून, मिठी मारून.

त्याला न सांगता ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, जो आजवर कुणी विचारला नव्हता. "घरात धंदा कसला?" मग तिच्या हातावर थेंब टाकून, टोचून बघितलं. पिठाच्या थेंबाखाली कातडी गांधीलमाशी चावल्यासारखी वर आली.

"लांब राहायचं म्हणजे किती लांब?" तिनं विचारलं.

"कपड्यांवर येतं, केसांत येतं. भट्टी घरापासून लांब असली तरी माणूस तर घरीच येणार ना?" डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "तुमच्या मिस्टरांनाही घेऊन या एकदा. त्यांचीही छाती बघायला हवी."

ती वाटेत एका बाकावर बसली आणि तिनं ठरवलं की सांगायचं नाही. घरी पोचेपर्यंत ठरवलं की सांगायचं. तो दारातच भेटला, नव्या जागेच्या किल्ल्या वाजवत.

तिनं सांगितलं. तो आधी हसला. "पिठानं? अगं, पिठानं माणूस जगतो. उद्या म्हणशील पाण्यानं तहान लागते." ती हसली नाही. तिनं बाही वर करून हात पुढं धरला. तो त्या फोडाकडे बघत राहिला, मग आपल्या दोन्ही हातांकडे, आणि ते त्यानं हळूच पाठीमागं नेले.

आईला फोन लावला त्यानंच. सगळं सांगितलं.

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. तुझ्या बापालाही हेच झालं असणार, मला वाटलंच होतं रे," सासूबाई म्हणाल्या. "कधीमधी माझ्या माहेरी राहायचे तेव्हा खोकला नसायचा त्यांना. पण मी बोलून करणार काय होते? भट्टी विझवून चुलीत काय घालणार होते? तोंड मिटून चाळत बसले." मग एकदम आवाज चढवून म्हणाल्या, "तिला तरी जगव बाबा. मी नाही जगवलं माझ्या माणसाला."

भट्टीवाल्यानं किल्ल्या परत केल्या. गावची भट्टी तोवर सांभाळणाऱ्या चुलतभावाच्याच हाती दिली आणि कापडाच्या गोदामात गठ्ठे उचलायचं काम धरलं. "कापडही मऊच असतं," म्हणाला. "आणि ते फुगत नाही, त्यामुळं वाट बघायची कटकट नाही."

ती बरी होत गेली. आता तिच्या मनात आलं की ती चालत दूरवर जाऊन यायची, मोठ्यानं बोलायची, गुणगुणायची सुद्धा. आणि तो? तो रोज कामावर जायचा, रोज वेळेवर परत यायचा, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचा. किस्सा सांगा म्हटलं तर सांगायचा, पण मधला भाग गाळून. पहाटे भट्टीच्या वेळेला त्याला जाग यायचीच. खाटेच्या काठावर बसून तो हात मांडीवर ठेवायचा, आणि हात आपसूक चालायला लागायचे, पुढं ढकल, दुमड, पुढं ढकल. तिनं डोळे मिटून घेतले की त्याला वाटायचं ती झोपलीय.

गोदामातल्या लोकांनी त्याला नाव ठेवलं होतं, मुका.

एक दिवस मात्र तो शीळ घालत आला. अंग धुतलेलं, केस ओले, अंगात कोरा सदरा.

"एवढं काय आज?" तिनं विचारलं.

"गोदामात धूळ फार होती, म्हटलं तिथंच आंघोळ करून जावं." आणि बसल्या बसल्या त्यानं न मागता सरकारी बैलाचा किस्सा सुरू केला. अख्खा, एकही वळण न गाळता, आवाज काढून, हात नाचवून. ती हसत होती. हसता हसता तिला छातीत ती ओळखीची बारीक शिट्टी ऐकू आली.

परक्या बाईच्या अत्तरानं बायका नवऱ्याचं खोटं पकडतात. तिच्या छातीनं पकडलं.

तो मधेच थांबला. त्यालाही ऐकू आलं होतं.

"कुठल्या भट्टीत?" तिनं विचारलं.

"कोपऱ्यावरच्या." त्याचा चेहरा चोरी सापडलेल्या पोरासारखा झाला. "त्यांचा माणूस आला नव्हता. एकच घाणा मळला गं. नुसता मळला. दोनदा आंघोळ केली, नखं घासली, कपडे तिथंच टाकून आलो." आणि मग खालच्या आवाजात, "हातांना राहवेना."

ती पंप ओढत होती. पंपाच्या दोन घोटांमध्ये तिला रागाऐवजी भलतंच काहीतरी वाटत होतं. किती दिवसांनी हा माणूस घरी आला होता! मधले सगळे दिवस त्याच्या कपड्यांत दुसराच कुणी येऊन जेवून झोपत होता.

"आता कधीच नाही," तो म्हणाला. "तुझी शपथ."

"माझी नका घालू. माझ्यावर आधीच पुष्कळ ओझं आहे."

पुढं काही दिवस दोघं त्या विषयाच्या कडेकडेनं चालत राहिली. मग एका सुट्टीच्या दुपारी कपडे वाळत घालताना तीच म्हणाली, "तुम्ही परत जा."

"कुठं?"

"भट्टीवर. मी इथंच राहते. दवाखाना आहे, जिना चढता येतो, घरमालकीण तिच्या बहिणीच्या शिवणकामाला माणूस शोधतेय. मी हे शहर निवडलं."

"आणि मी?"

"तुम्ही येत जा ना. भट्टीवरनं चार दिवस सुट्टी काढून, स्वच्छ होऊन. येत जा."

दोघांनाही माहीत होतं की भट्टीला सुट्टी नसते. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या तेही दोघांना माहीत होतं. तिनं त्याला तपासून घ्यायला दोनदा ओढून नेलं होतं आणि दोन्ही वेळा तो दारातून परत फिरला होता. ती म्हणाली, "छाती दाखवून मगच जा. एवढं तरी माझं ऐका."

"दाखवतो," तो म्हणाला. ओला सदरा त्याच्या हातात होता, तो पिळत होता, पिळून झाला तरी पिळत होता. "मी तुला टाकून जाणार नाही."

"टाकून कुठं? मीच पाठवतेय."

आता खरं सांगायचं तर तिला वाटत होतं की त्यानं आणखी एकदा नाही म्हणावं. एकदाच. माणूस हात सोडतो तेव्हा समोरच्यानं तो घट्ट धरावा म्हणूनच कितीदा सोडतो. ती दोरीवरच्या कपड्याआड तोंड करून उभी राहिली आणि वाट बघत राहिली. खाली टायरवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. एक गाडी आगारातून निघून गेली, मग दुसरी गेली.

"मग या आठवड्यात कळवतो चुलतभावाला," तो म्हणाला.

"कळवा," ती म्हणाली आणि राहिलेला कपडा झटकून दोरीवर टाकला.

जायच्या आधी त्यानं छाती दाखवली. डॉक्टरीणबाईंनी त्यालाही पंप दिला आणि तोंडाला फडकं बांधून काम करायची ताकीद दिली. त्यानं मान हलवली. ती त्या मान हलवण्याला ओळखून होती. पिशवी तिनंच भरली. या खेपेला एकच पिशवी होती.

आगारात गाडी लागली होती. माणसं चढत होती, सामान टपावर जात होतं, कुणी कुणाला खिडकीतून पाण्याची बाटली देत होतं. तो पायरीशी उभा राहिला. कित्येक दिवसांत त्यानं पीठ पाहिलंसुद्धा नव्हतं; तरी त्यानं आपले तळहात उलटसुलट करून तिला दाखवले, जसे जेवायच्या आधी मुलं आईला दाखवतात.

"स्वच्छ आहेत," तो म्हणाला. "चालेल का?"

ती पुढं झाली आणि भर आगारात, लोकांच्या देखत, तिनं त्याच्या गळ्यात तोंड खुपसलं. श्वास आत ओढला, अगदी तळापर्यंत. कुठं अडला नाही, कुठं शिट्टी वाजली नाही. नुसता साबणाचा वास आला, आणि धुतलेल्या कापडाचा. कुणाही माणसाचा असावा तसा. ती पुन्हा पुन्हा श्वास घेत राहिली, त्यात तो कुठं सापडतो का ते बघत.

वाहकानं घंटा मारली.